देवणीच्या गाडीचा डबा

अकरावी-बारावीची दोन वर्षं मी लातूरला होते, आणि त्या दोन वर्षांत आईशी माझं जे काही बोलणं झालं ते बहुतेक डब्यातून झालं. फोन होता, नव्हता असं नाही. पण तो रविवारी संध्याकाळी, रेक्टर मॅडमच्या टेबलावर, आणि मागं पोरींची रांग. स्वतःचा मोबाइल होस्टेलात ठेवायचा नाही हा नियम होता, कारण आम्ही डॉक्टर होणार होतो. एका गल्लीत चार क्लासेस, प्रत्येकाच्या भिंतीवर हसऱ्या पोरापोरींचे मोठाले फोटो, आणि त्या फोटोंखालून मान खाली घालून जाणारे आम्ही शेकडो. मी डॉक्टर झाले नाही, हे आत्ताच सांगून टाकते. फार्मसी केली आणि आता नांदेडला एका हॉस्पिटलच्या औषध दुकानात नोकरी करते.

आमचं गाव देवणी तालुक्यात, रस्त्यापासून आत. सकाळची लातूर गाडी फाट्यावर थांबायची. वाटेवरच्या गावांतले आईबाप त्या गाडीत डबे देत. ड्रायव्हरच्या शेजारी इंजिनाच्या झाकणावर ते डबे ओळीनं बसून लातूरला जात आणि तिथपर्यंत गरमही राहत. लातूरच्या स्टँडवर आम्ही पोरी दोन तासांच्या मधल्या सुट्टीत धावत जायचो. कालचा रिकामा डबा द्यायचा, आजचा भरलेला घ्यायचा. दोन डबे होते, एक घरी असला की एक माझ्याकडं. दोन्हींवर माझ्या नेलपॉलिशचे लाल ठिपके होते, नाहीतर बारा स्टीलच्या डब्यांतून आपला कुठला हे कसं कळणार? एकदा चुकून दुसऱ्या पोरीचा डबा घेऊन आले होते. त्यात मेथीचे पराठे निघाले. मी ते खाऊन टाकले आणि वर तिच्याशीच भांडले.

होस्टेलला मेस होती. पण पहिल्याच महिन्यात आई मला भेटायला आली, मेसचं वरण तिनं पळीनं ढवळून बघितलं, आणि रेक्टर मॅडमसमोरच म्हणाली, "ह्यात डाळ कुठं हाय?" दुसऱ्या दिवसापासून डबा सुरू झाला.

डबा आई करायची आणि फाट्यापर्यंत आबा आणायचे. आबा म्हणजे माझे आजोबा, वडिलांचे वडील. त्यांचं सगळं आयुष्य देवणी जातीचे बैल सांभाळण्यात गेलं. माणसांशी ते कमी बोलत आणि बैलांशी जास्त. पण डब्याच्या बाबतीत ते कंडक्टरला रोज दम देत, "आडवा पडला तर बघ. पोरगी शिकायली तिथं." डब्याच्या पिशवीला ते वासराच्या दाव्याला मारतात तशी गाठ मारत. ओढली तर आणखी घट्ट बसायची, टोक धरून खेचलं की मोकळी. माझ्या खोलीतल्या पोरी त्या गाठीशी झटापट करत बसायच्या आणि मी ऐटीत येऊन एका झटक्यात सोडायचे.

आबांनी बिडी सोडली होती आणि त्याजागी त्यांना लिमलेटच्या गोळीचं वेड लागलं होतं. म्हणून रिकाम्या डब्यात मी रोज एक गोळी टाकायचे. रिकामं भांडं परत करू नये हे आईचंच शिकवणं. शेजारणीची वाटीसुद्धा ती कधी रिकामी द्यायची नाही, चिमूटभर साखर तरी घालायची. संध्याकाळी डबा घरी पोचला की आबा ओट्यावर बसून स्वतः झाकण उघडत, गोळी गालात ठेवत आणि म्हणत, "पोरगी बरी हाय." हे मला आई रविवारी सांगायची. फोनवर तिचं बोलणं ठरलेलं असे. जेवलीस का, भाजी कशी होती, आबांना गोळी पोचली. एवढ्यात रांगेतली पुढची पोरगी माझ्या पाठीत बोट टोचायला लागायची.

बारावीची परीक्षा तोंडावर आली होती. थंडी संपत आली होती आणि स्टँडवर रसवंतीची घुंगरं वाजायला लागली होती. एक दिवस पिशवीला गाठच वेगळी आली. साधी, दोन पेडांची, बुटाच्या नाडीसारखी. दुसऱ्या दिवशीही तीच. रविवारी मी विचारलं, "आबा कुठंयत?"

"हायत की. गुडघे धरलेत. तुझा बापच येतो फाट्यावर."

मला ते पटलं. गुडघे त्यांचे जुनेच होते. मी म्हटलं, त्यांना सांग, मी सुट्टीला आले की तेल लावून देते. आई म्हणाली, "सांगते." तिचा आवाज कसा होता ते आठवायचा मी नंतर खूप प्रयत्न केला. आठवत नाही. मागून बोट टोचत होतं.

पुढं आठ-दहा दिवसांनी, गुरुवारी, डबा आलाच नाही. होस्टेलवर निरोप आला की गाडी बंद आहे. आता ही गोष्ट खोटी बोलणाऱ्यानं नीट विचार करून बोलायला हवी होती. माझ्या शेजारच्या कॉटवरची पोरगी त्याच रस्त्यावरच्या गावची. तिचा डबा त्याच गाडीनं आला होता आणि ती माझ्यासमोर बसून जेवत होती. तिनं मला अर्धी भाकरी दिली. शुक्रवारी पुन्हा डबा नाही. निरोप आला, आईला ताप आहे. मला वाटलं खरंच आईला काहीतरी झालंय आणि कोणी सांगत नाहीये. रेक्टर मॅडमकडं जाऊन मी फोन मागितला. त्या म्हणाल्या, "रविवार परवाच आहे. तुझे वडील म्हणाले सगळं ठीक आहे. अभ्यास कर."

शनिवारी डबा आला. ठिपका बघितल्यावर माझा जीव भांड्यात पडला. बुधवारचा रिकामा डबा दोन दिवस माझ्याकडंच होता, तो मी दिला. त्यात गोळी होती. भरलेला घेऊन मी होस्टेलवर आले, कॉटवर बसले, झाकण उघडलं.

ज्वारीच्या भाकरी, बाजूला मीठ आणि एक कांदा. वरच्या खणात तुरीचं वरण. घट्ट, फिकट. त्यावर ना मोहरी, ना लसूण, ना तेलाचा थेंब. आमच्याकडं करडईच्या तेलाची फोडणी असते आणि ती सढळ असते. भाजीवर बोटभर तवंग नसला तर आबा ताट बाजूला सारायचे. आई तापानं फणफणलेली असती तरी तिनं फोडणी दिल्याशिवाय वरण डब्यात घातलं नसतं.

मी सहावीत असताना आजी गेली होती. तेव्हा घरात हेच वरण मी रोज खाल्लं होतं. सुतकात फोडणी देत नाहीत, तळत नाहीत, गोड करत नाहीत. पहिले दोन दिवस तर घरची चूलच पेटत नाही, भावकीतून पिठलं-भाकरी येते. तिसऱ्या दिवशी राख सावडून आले की मग घरात काहीतरी शिजतं, असं, फोडणीशिवायचं.

गुरुवार, शुक्रवार डबा नाही. शनिवारी हे वरण. त्याआधी बदललेली गाठ. मला दुसरा काही विचार करावाच लागला नाही. शेजारची पोरगी म्हणाली, "काय गं, आज भाजी नाही का?" मी म्हटलं, "आहे की." आणि मी ते वरण भाकरीशी खाल्लं, सगळं, खण पुसून. रडू येत नव्हतं. एकच विचार डोक्यात बसला होता, की मला कळवलं नाही. आबांचं तोंड मला बघू दिलं नाही. देवणीची गाडी रोज लातूरला येते आणि रोज परत जाते, मला त्या गाडीत बसवायला कोणाला काय धाड भरली होती?

आई सांगेल, असं मी स्वतःला सांगितलं. उद्या रविवार आहे. बाकीच्यांनी लपवलं असेल, बाप लपवेल, घरात शेवटचा शब्द ज्यांचा, ते काका तर लपवणारच. आई सांगेल. रविवारी सकाळी मी रिकामा डबा धुऊन, पुसून, कोरडा करून गाडीत दिला. गोळी टाकली नाही. ती कोणाला टाकायची?

संध्याकाळी फोन लागला. आई म्हणाली, "जेवलीस का बाई?"

"जेवले."

"भाजी कशी होती?"

मी थांबले. रेक्टर मॅडम वहीत डोकं घालून बसल्या होत्या. मला वाटलं, आता ती सांगेल. पण ती पुन्हा तेच म्हणाली, "कालची भाजी कशी होती गं?"

मला इतका राग आला की कानशिलं तापली. माणूस गेलंय घरातलं आणि ही मला भाजी विचारतेय. मी म्हटलं, "चांगली होती. झकास होती."

मग ती म्हणाली, "बरं." आणि मग, "अभ्यास कर माय." फोन ठेवला.

त्यानंतरचे दिवस मी एकटीनं सुतक पाळलं. कोणाला सांगितलं नाही. मेसमध्ये कोणाचा वाढदिवस होता, गुलाबजाम होते, मी पोट दुखतं म्हटलं. रोज डबा यायचा, रोज त्यात फोडणी नसलेलं काहीतरी असायचं, आणि मी ते खायचे. दहाव्याला पहाटेच उठून मी थंड पाण्यानं डोक्यावरून न्हाले. घरी सगळे न्हात असणार, सारवण-धुणं चाललं असणार. शेजारची पोरगी कुरकुरली, "परीक्षेच्या तोंडावर आजारी पडायचंय का?" केस वाळेपर्यंत मी गच्चीवर फिजिक्सचं पुस्तक उघडं धरून बसले.

आणखी चार-पाच दिवसांनी वांग्याच्या भाजीवर तवंग आला, मोहरी आली, लसणाचे तांबूस तुकडे आले. म्हणजे घरी गोडजेवण झालं होतं. सुतक फिटलं होतं. त्या दिवशी मात्र मला घास गिळवेना. मी डब्यावर झाकण ठेवलं, बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि रडले. बाहेरून पोरी दार वाजवत होत्या, कारण त्या मजल्यावर बाथरूम दोनच होती.

शेवटचा पेपर झाल्यावर वडील न्यायला आले. उदगीरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा त्यांनी मला उसाचा रस घेऊन दिला आणि खाली बघत म्हणाले, "बेटा, एक सांगायचंय. आबा..."

"माहीत आहे," मी म्हटलं.

त्यांच्या हातातला ग्लास तसाच राहिला. "कोण सांगितलं?"

"कोणीच नाही."

घरी आले. आई दारातच उभी होती. तिनं मला पोटाशी धरलं आणि ती हुंदके देऊन रडायला लागली. मी ताठ उभी राहिले. ओट्यावर आबांची जागा रिकामी होती आणि गोठ्यातला बैल माझ्याकडं बघत होता. मी तिचे हात बाजूला केले आणि म्हटलं, "बाकीच्यांचं सोड. तू पण?"

तिनं डोळे पुसले, आत गेली, आणि मला वाढलं.

त्यानंतर आमच्यात भांडण असं काही झालं नाही. फक्त बोलणं आटलं. मी शिकायला नांदेडला आले, माझा स्वतःचा मोबाइल झाला, रोज फोन होऊ लागला, आणि तरी तो "जेवलीस का, जेवले" एवढाच. तिला ताप असला तरी मी दुसऱ्या कोणाकडून खात्री करून घेई. तिनं "बरी हाय" म्हटलं की मी शेजारच्या काकूंना फोन लावी. तिला ते कळायचं आणि लागायचं. लागू दे, असं मला वाटायचं. मी मनात धरून ठेवणारी बाई आहे. आबांसारखी गाठ मारते, फक्त मोकळं करायचं टोक मला सापडत नाही.

गेल्या हिवाळ्यात आई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नांदेडला माझ्याकडं येऊन राहिली. डोळ्याला हिरवी पट्टी, स्वयंपाकघरात यायला मनाई, आणि ती मनाई न जुमानणारी ती. तेवढ्यात आमच्या मजल्यावरच्या समोरच्या घरातले म्हातारे गृहस्थ गेले. त्यांच्याकडं चूल पेटणार नव्हती, म्हणून मी डाळ शिजवायला लावली. डाळ झाली, घोटली, सवयीनं कढईत तेल घातलं आणि मोहरीचा डबा उघडला.

"फोडणी नको देऊ," आई मागून म्हणाली. "तिकडं न्यायचं ना?"

मी गॅस बंद केला. पातेल्यातलं वरण घट्ट होतं, फिकट होतं. मी बघत राहिले आणि इतक्या वर्षांचं तोंडून निघून गेलं. "असलंच वरण मला पाठवलं होतंस. आबांच्या वेळी."

"हाव. पाठवलं होतं."

तिनं ते इतकं सरळ म्हटलं की मी वळून बघितलं. "मग तोंडानं का नाही सांगितलंस? डब्यातून मला कळलं. सुतकाचा स्वयंपाक माझ्या डब्यात आला म्हणून कळलं, नाहीतर तू कळूच दिलं नसतंस."

ती स्टुलावर बसली. "डब्यात आला म्हंजी? आपोआप आला का तो?" ती म्हणाली. "मी घातला."

मग तिनं सांगितलं. आबा गेले त्या सकाळी काका अंगणात सगळ्यांसमोर म्हणाले, पोरीची बारावी हाय, कुणीबी कळवायचं न्हाई. वडिलांनी मान हलवली. आई म्हणाली, तिला तोंड बघू द्या, आज गाडीत बसवा. काकांनी तिला माझीच शपथ घातली. तोंडातून एक शब्द काढलास तर तुझ्या पोरीची शपथ हाय तुला. परीक्षेला बसणाऱ्या पोरीची शपथ. माझी आई मांजर आडवं गेलं तरी दोन पावलं मागं येणारी. ती शपथ कुठून मोडणार?

"मग तिसऱ्या दिशी चूल पेटली," ती म्हणाली. "शेजारची काकू वांग्याची भाजी घेऊन आली. चांगली, फोडणीची. म्हणली, पोरीच्या डब्यात ही घाल, तिला कशाला सुतकाचं? तुझ्या काकानंबी तेच सांगितलं. मी म्हणलं, ठेवा तिथं. आन् डब्यात घरचं वरण भरलं. म्हणलं, तिचा आजा गेलाय. तीबी आमच्यासंगं हेच खाईल. शहाणी हाय, तिला कळंल. शपथ तोंडाची होती. डब्याची कुणी घातली न्हवती."

कढईतलं तेल थंड होत होतं.

"तुला कळलं हे कसं ओळखलंस?" मी विचारलं.

"शनिवारी डबा आला, त्यात गोळी होती. ती आबांच्या फोटोपुढं ठेवली. रविवारी डबा आला, त्यात गोळी न्हवती." तिनं पट्टीच्या कडेनं बोट फिरवलं. "मी ओट्यावरच बसले मग. म्हणलं, पोचलं."

"मग फोनवर भाजी कशाला विचारत होतीस?"

"मला सांगता येत न्हवतं. तू विचारलं असतंस, आबा गेले का, तर मी रडले तर असते. रडायची शपथ न्हवती. म्हणून दोनदा विचारलं. तू म्हणलीस, झकास होती." तिनं पदर सारखा केला. "मला वाटलं, तुला माझ्याशी बोलायचंच न्हाई. मी कळवलं तरी तुझा राग कशाचा, हे मला कधी कळलं न्हाई बघ."

समोरच्या घरातून बायकांच्या रडण्याचा आवाज येत होता. वरण घेऊन जायला हवं होतं. मी पातेल्यावर झाकण ठेवलं, आणि तिच्या पायाशी फरशीवर बसले. तिच्या पट्टी नसलेल्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. डॉक्टरांनी डोळ्याला पाणी येऊ देऊ नका म्हणून सांगितलं होतं. मी पदरानं टिपून घेतलं.

"आई," मी म्हटलं, "विचार की आता."

"काय?"

"रविवारी विचारलं होतंस ते."

तिला कळायला क्षण लागला. मग तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि होस्टेलच्या फोनवर विचारायची तस्संच विचारलं, "भाजी कशी होती गं?"

"फोडणी नव्हती, आई," मी म्हटलं. "आबा गेले का?"

"हाव माय," ती म्हणाली. "गेले."